गाठीचे वजन आणि कापणीची तारीख

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की पहिले गाव लागते ते कोन. एका अंगाला उल्हासची खाडी, दुसऱ्या अंगाला राजनोली नाक्याकडे आणि त्याच्याही पुढे पसरत गेलेली गोदामे, आणि मधून अहोरात्र चालणारी मालवाहतूक. शहराने सगळ्या बाजूंनी वेढलेल्या या पट्ट्यात, विशेषतः खाडीपलीकडे रेतीबंदरच्या बाजूला, म्हशींचे तबेले अजून टिकून आहेत. मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणी ही जनावरे बाहेरून येतात आणि त्यांचा चाराही बाहेरूनच येतो: भाताचा पेंढा, माळाचे गवत, ज्वारीचा कडबा, मक्याचा हिरवा भारा. चाऱ्याच्या कामात असलेल्या माणसाचा दिवस हा माल उतरवण्यात, तोलण्यात, रचण्यात आणि गव्हाणीत टाकण्यात जातो. या सगळ्या व्यवहारात मोठ्याने विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, किती किलो भरले? माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न हवा, हे कापले कधी? वाळलेल्या चाऱ्याचे मोल त्याच्या वजनात थोडे आणि तो कोणत्या अवस्थेत कापला, किती कोरडा करून बांधला यात फार असते. ओटाच्या वाळक्या चाऱ्याच्या गाठी हाताळताना ही गोष्ट जितकी स्वच्छ कळते तितकी पेंढ्यात किंवा माळाच्या गवतात कळत नाही. म्हणून हा विचार ओटाच्या आधारे मांडतो.

वजनाची ही सवय आजची नाही. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि मुंबईच्या घोड्यांना, बैलांना व म्हशींना लागणारे गवत पुरवणे हा ठाणे जिल्ह्याचा मोठा धंदा होऊन बसला. माळ सावकार-जमीनदारांचे, कापणारे हात आदिवासींचे आणि खाणारी जनावरे मुंबईची, अशी ती साखळी होती. १९४५ च्या जानेवारीत कोनपासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने हा लढा मराठी वाचकापर्यंत पोचवला. वेठीखाली पिचलेल्या माणसांची ती मागणी पूर्णपणे न्याय्य होती. धंद्याच्या दृष्टीने मात्र त्या मागणीतून एक गोष्ट दिसते. गवताची मजुरी पौंडावर ठरत होती आणि विक्रीही वजनावरच होत होती. गवत कोवळे की जून, हिरवट की पिवळे पडलेले, याला व्यवहारात कुठेच जागा नव्हती. आज पौंडाच्या जागी किलो आणि टन आले, काट्याच्या जागी वे-ब्रिज आला, पण मोजण्याचे माप तेच राहिले.

या मापाचे परिणाम समजून घ्यायचे तर कोकणातल्या गवताचे वेळापत्रक पाहावे लागते. भिवंडी भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पवन्या, मारवेल, कुसळी ही माळाची गवते पावसाच्या शेवटी फुलोऱ्यात येतात. गवत फुलोऱ्यात असते तेव्हा त्याची पाने हिरवी असतात, काडी मऊ असते आणि त्यातले प्रथिन अजून बियांत जाऊन गळून पडलेले नसते. कापायची खरी वेळ ती. पण त्याच वेळी आभाळाचा भरवसा नसतो, जमीन ओली असते आणि लगेच पाठोपाठ भाताची कापणी-झोडणी सुरू होऊन गावातला प्रत्येक हात खाचरात गुंततो. गवताची पाळी येते तेव्हा दिवाळी उलटून गेलेली असते, माळ पिवळा पडलेला असतो आणि बी झडून गेलेले असते. कुसळीची टोकदार कुसळे तर जनावराच्या तोंडाला इजाही करतात. अशा जून गवतात प्रथिनाचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. भाताचा पेंढाही त्याच पातळीवर असतो, शिवाय त्यात सिलिका जास्त आणि ऑक्झलेट असल्यामुळे चाऱ्यातले कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. आपला वाळका चारा निकस का, याचे उत्तर गवताच्या जातीत शोधण्याआधी कॅलेंडरमध्ये शोधले पाहिजे. योग्य अवस्था आणि कोरडे आभाळ या दोन गोष्टी माळावर एका वेळी भेटतच नाहीत.

ओटाच्या पिकात त्या भेटतात. ओट हे थंडीतले चाऱ्याचे पीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’सारखे वाण दिले आहेत आणि ‘केंट’ हा जुना वाण अनेक वर्षांपासून पेरला जातो. हेक्टरी शंभर किलोच्या आसपास बी, ओळींत सुमारे एक फुटाचे अंतर आणि आठ-दहा दिवसांनी पाणी, एवढी त्याची साधी गरज. भात निघाल्यावर नोव्हेंबरात पेरले की पीक जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुलोऱ्यात येते. हा काळ आपल्याकडे वर्षातला सर्वांत भरवशाचा कोरडा काळ. आभाळ निरभ्र, ऊन पुरेसे पण पान कोळपून टाकणारे नाही आणि भाताची गडबड केव्हाच संपलेली. युरोपातला शेतकरी उन्हाळ्यातल्या पावसाच्या दोन सरींमध्ये गवत वाळवण्यासाठी जीव टाकतो, त्याला जी गोष्ट नशिबावर सोडावी लागते ती कोकणातल्या फेब्रुवारीत हुकमाने मिळते. मी ओटाची बाजू घेतो ती त्याच्या नावीन्यासाठी नव्हे. कापणीची तारीख माणसाने ठरवायची आणि आभाळाने ती मान्य करायची, ही सोय आपल्या भागात देणारे पीक म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते.

पण तारीख हातात आली तरी ती पुढे ढकलण्याचा मोह सुटत नाही, आणि इथेच वजनाचे माप आड येते. ओट पोटरीत असताना त्याच्या कोरड्या भागात प्रथिन बारा ते पंधरा टक्के असू शकते, निम्मे पीक फुलोऱ्यात आले की ते नऊ-दहाच्या आसपास येते आणि दाणा घट्ट होऊ लागला की आणखी खाली जाते. याच काळात शेतातले वजन मात्र रोज वाढत असते. किलोवर विकणाऱ्याला थांबण्यातच फायदा दिसतो. दाणा भरू दिला तर चारा अधिक सकस होईल, असा युक्तिवाद त्यावर केला जातो, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. दाण्यात दूध भरताना स्टार्च वाढतो आणि त्यामुळे ऊर्जा काही प्रमाणात भरून येते. परंतु वाळक्या चाऱ्यात तो दाणा टिकत नाही. तो वाळवताना आणि उलथताना झडतो, गंजीत उंदीर बोलावतो, आणि कडक झालेला अख्खा दाणा म्हशीच्या पोटातून बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतो. तोवर काडी मात्र लाकडासारखी झालेली असते आणि जनावर ती गव्हाणीत उरवते. गव्हाणीतून झाडून काढलेली काडीही खरेदीच्या वेळी किलोच्या भावानेच घेतलेली असते. म्हणून वाळवण्यासाठी निम्मा फुलोरा ही माझ्या मते शेवटची मर्यादा आहे.

कापल्यानंतरचे काम हे या धंद्यातले खरे कसब. ओटाचे पान लवकर वाळते आणि पेर उशिरा वाळते. वरून खडखडीत दिसणाऱ्या चाऱ्याच्या पेरांत ओल दडून असते. म्हणून कापलेले पीक आधी पातळ पसरायचे, पान कोमेजले की दाताळ्याने हलके उलथून ओळी धरायच्या आणि उलथण्याचे काम सकाळी, पानात थोडा मऊपणा असताना करायचे. भर दुपारी उलथले की पान चुरा होऊन मातीत जाते, आणि प्रथिन मुख्यतः पानातच असते. खाडीच्या जवळच्या भागात पहाटे दहिवर पडते, त्यामुळे गाठी बांधण्याची वेळ दहिवर उडाल्यानंतरची आणि पान करकरीत होण्याआधीची, अशी मधली सापडावी लागते. ओल पंधरा टक्क्यांच्या आसपास आली की गाठ बांधावी. ओलमापक नसेल तर पेर नखाने खरवडून पाहावी, पाण्याचा अंश बोटाला लागता कामा नये. मूठभर चारा पिळला तर काडी तुटायला हवी. बारीक कापलेला चारा कोरड्या मिठाबरोबर बरणीत हलवावा, मिठाचे खडे बांधले गेले तर अजून एक ऊन द्यावे. या परीक्षांना पैसा लागत नाही, फक्त थांबण्याची तयारी लागते.

ती तयारी न ठेवण्याची किंमत मोठी असते. वीस टक्क्यांहून जास्त ओल असलेली गाठ आतून तापते. आधी बुरशी येते, मग चारा तपकिरी होऊन त्याला तंबाखूसारखा किंवा जळक्या गुळासारखा वास येतो. जनावर असा चारा आवडीने खाते, म्हणून तो चांगला समजला जातो. प्रत्यक्षात त्या उष्णतेने प्रथिन साखरेशी असे बांधले गेलेले असते की त्याचा मोठा भाग पचतच नाही. उष्णता आणखी वाढली तर गंजी आपोआप पेट घेऊ शकते, आणि सूत, कापड, प्लास्टिक, रसायने यांच्या गोदामांनी भरलेल्या भिवंडी भागात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. इथेही वजनाचे माप उलट दिशेने ओढते. एक टन चारा चौदा टक्क्यांऐवजी वीस टक्के ओलीवर विकला तर विकणाऱ्याच्या पदरात साठ किलो पाण्याचे पैसे जास्त पडतात. म्हणजे जो घाई करतो त्याला बक्षीस आणि जो एक दिवस थांबतो त्याला दंड, असा आपला बाजार आहे. यात विकणाऱ्याची नियत वाईट असते असे मी मानत नाही. माप जे मागते तेच माणूस पिकवतो आणि बांधतो.

यावर पहिला आक्षेप असा की ओट हिरवाच घालावा, वाळवून त्याचा कस का घालवायचा? हिरवा ओट उत्तम आहे याबद्दल वाद नाही, आणि ज्याचे शेत आणि गोठा एकाच बांधावर आहे त्याने तो हिरवाच घालावा. पण हिरव्या ओटात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते. पंधरा टक्के ओलीच्या शंभर किलो वाळक्या चाऱ्यात जेवढा कोरडा भाग आहे तेवढा हिरव्यातून आणायचा तर सव्वाचारशे किलो माल टेम्पोत भरावा लागतो. पडघा, शहापूर, मुरबाडकडून कोनपर्यंत डिझेल जाळून पाणीच वाहून आणायचे का, हा साधा हिशेब आहे. दुसरे म्हणजे फुलोऱ्यातले पीक दहा-पंधरा दिवसांत संपवावे लागते, तर चाऱ्याची खरी टंचाई एप्रिल ते जून या महिन्यांत असते. मुरघास हा त्यावरचा दुसरा मार्ग आहे आणि मक्यासाठी तो अधिक योग्य आहे. ओटाची काडी मात्र पोकळ, तिच्यातली हवा दाबून काढणे कठीण, शिवाय मुरघासाच्या पिशवीतही पाण्याचे वजन वाहावे लागतेच आणि एकदा उघडलेली पिशवी लवकर संपवावी लागते. पावसाळ्यात दमट हवेने वाळका चाराही ओल धरतो, हे खरे. पण गाठींना पावसाळ्याचे चार महिने थांबायचेही नसते. मार्चमध्ये भरलेला साठा जूनअखेर संपवायचा आणि पाऊस सुरू झाला की हिरव्याकडे वळायचे, हे त्या चाऱ्याचे नैसर्गिक चक्र आहे. रेतीबंदरच्या तबेल्यांत पावसाळ्यात पाणी शिरते, हे लक्षात घेतले तर त्याआधी साठा रिकामा करणे शहाणपणाचेच ठरते.

दुसरा आक्षेप जमिनीचा, पाण्याचा आणि उष्णतेचा. कोकणातली थंडी कोवळी असते, डिसेंबर-जानेवारीतही दुपारचे तापमान तीस अंशांच्या आसपास जाते, म्हणून देशावर ओटाला जेवढे फुटवे आणि जेवढे उत्पादन येते तेवढे इथे धरू नये. देशावर चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी चारशे ते पाचशे क्विंटल हिरवा चारा निघतो, त्याचा वाळका चारा वाळवणीतली तूट धरून ऐंशी-नव्वद क्विंटल होईल, आणि इथला आकडा त्याहून कमी असेल. उष्णतेमुळे दुसऱ्या कापणीचा भरवसाही कमी. पण हा मुद्दा उलट वाळक्या चाऱ्याच्याच बाजूने जातो. जिथे एकच कापणी धड मिळणार आहे तिथे ती योग्य अवस्थेत घेऊन साठवणे हेच शहाणपण. पाण्याबद्दल मात्र आक्षेप पूर्ण मान्य आहे. जिथे फक्त भाताच्या ओलीवर वाल किंवा हरभरा होतो तिथे ओट आणू नये. ज्यांच्याकडे कालव्याचे, बंधाऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी आहे त्यांच्यासाठीच हे पीक आहे. कोनच्या खाडीकाठच्या खारवट जमिनीतही ते घेऊ नये, उन्हाळ्याकडे क्षार वर येतात आणि ओट ते जवाइतके सोसत नाही. कोनची जागा या साखळीत पिकवणाऱ्याची नसून साठवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची आहे. चांगल्या चाऱ्याला भाव द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकच ठरवते, आणि ते गिऱ्हाईक या पट्ट्यात आहे.

तिसरा आक्षेप यंत्राचा आणि मजुरीचा. ट्रॅक्टरला जोडलेला बेलर ओळीतला चारा उचलून दाबतो आणि सुतळीने बांधलेली गाठ मागे टाकतो. देशावर उसाचे पाचट आणि भाताचा पेंढा बांधायला तो आता सर्रास भाड्याने मिळतो. कोकणातली खाचरे लहान, बांध जवळजवळ, त्यामुळे यंत्राचा निम्मा वेळ वळण्यात जातो. लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच सुमाराला पेरणी केली तरच ते परवडते. ते जमत नसेल तर लाकडी पेटीत चारा दाबून दोरीने गाठ बांधण्याची हाताची पद्धत आहे, ती संथ असली तरी लहान शेताला पुरते. यंत्र मजुराचे काम घेते, ही चिंता ज्या जिल्ह्याने १९४५ पाहिले त्या जिल्ह्यात हलक्यात घेता येणार नाही. पण उलथणे, ओळी धरणे, ओल तपासणे, गाठी निवडणे हे काम जाणत्या हातांचेच आहे. चाऱ्याचा भाव दर्जावर ठरला तर त्या जाणतेपणाला वेगळी मजुरी मागता येईल. निव्वळ वजनावरच्या धंद्यात मजूर स्वस्तात स्वस्त शोधला जातो, हा आपला जुना अनुभव आहे.

सर्वांत जोरदार आक्षेप भावाचा. पेंढा स्वस्त आहे, मग ओटाच्या गाठीला जास्त पैसे कोण देईल? याला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला बारा ते पंधरा किलो कोरडा भाग लागतो. त्यातला पाच किलो पेंढ्याऐवजी वेळेवर कापलेल्या ओटाचा दिला तर पेंढ्यातून येणाऱ्या पावणेदोनशे ग्रॅमऐवजी साडेचारशे ग्रॅम प्रथिन येते. हा पावणेतीनशे ग्रॅमचा फरक भरायचा तर बावीस टक्के प्रथिनाची सव्वा किलो सरकी पेंड लागते. पेंढ्यातले जे थोडे प्रथिन आहे तेही फारसे पचत नाही, ते वेगळेच. म्हणजे पेंढा घेताना वाचलेले पैसे पेंडीच्या पोत्यात जातात. खुराक वाढवून दूध काढण्यालाही मर्यादा आहे. लांब धाग्याचा चांगला चारा असेल तर जनावर रवंथ करते, लाळ सुटते, पोटातली आम्लता आवाक्यात राहते आणि दुधाचे फॅट टिकते. ओट एकटा पुरेसा आहे असा दावा मी करत नाही. त्याच्याबरोबर खुराक आणि क्षारमिश्रण लागतेच, आणि भरमसाट युरिया टाकून वाढवलेल्या ओटात नायट्रेट साचते, जे वाळवल्याने जात नाही, हेही खरेदीदाराने विचारून घेतले पाहिजे.

दूध आपण नुसते लिटरवर घेत नाही. फॅट आणि एसएनएफ पाहूनच डेअरीत भाव ठरतो आणि पाणी घातलेले दूध जास्त भरले म्हणून कोणी त्याला जास्त पैसे देत नाही. जी म्हैस ते दूध देते तिच्या चाऱ्याला मात्र आपण अजून नुसत्या वजनाने मोजतो. हे बदलायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक गाठीच्या चिठ्ठीवर कापणीची तारीख आणि पिकाची अवस्था लिहावी, उतरवताना प्रत्येक खेपेतल्या काही गाठी फोडून रंग, वास आणि पेर तपासावे, पंधरा टक्क्यांवरची ओल वजनातून वजा करावी आणि फुलोऱ्यात कापलेल्या, हिरवट, सुवासिक चाऱ्याला ठरवून जास्त भाव द्यावा. तबेल्यांच्या मालकांनी एकत्र येऊन एवढे चार नियम पाळले तर शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला वेळेवर कापण्याचे कारण मिळेल, आणि हीच शिस्त उद्या माळाच्या गवतालाही लागू करता येईल. पीक, वाण, यंत्र आणि फेब्रुवारीचे कोरडे ऊन आपल्याकडे आहे. कमी आहे ती फक्त योग्य गोष्टीला किंमत देणारी खरेदी, आणि ती सुरू करण्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या आधी आमच्यासारख्या चारा घेणाऱ्यांवर येते.